आवक-जावक

अकरा वर्षं बारापात्रे बाईंची खुर्ची उचलली.
मागून मी, पुढून शब्बीर ड्रायव्हर,
सकाळी तीन पायऱ्या वर, संध्याकाळी तीन खाली.
सिव्हिल लाइन्समधलं इंग्रजांच्या वेळचं ऑफिस,
पायऱ्यांचा दगड मधोमध झिजून द्रोणासारखा झालेला.

शब्बीर दौऱ्यावर असला की बाई
निंबाखाली थांबायच्या, दुसरा माणूस मिळेपर्यंत.
सव्वादहाला मस्टरवर लाल रेघ.
ते मस्टर साहेबांच्या टेबलावर मीच नेऊन ठेवायचो.

लोक म्हणायचे, रामटेके, पुण्य लागते तुले.
मलाही लागत असेलसं वाटायचं.
घरी जेवताना दुखरा खांदा मी
जरा जास्तच चोळायचो.

माझी खरी ड्यूटी पाण्याची.
व्हरांड्यात दोन माठ, आत वाळ्याची जुडी,
बाहेर सत्तेचाळीस डिग्री, झाडावरचं पाखरू चोच उघडून बसलेलं.
टेबलाटेबलावर ग्लास फिरवायचो.
बाई मान न उचलता म्हणायच्या, नको.
वैशाखात नको. जेवल्यावर नको.
ठसका लागला तरी, हाताच्या इशाऱ्यानं, नको.

माझ्या हातचं चालत नसेल,
असंही मनात येऊन गेलं.
आमच्या घरी शेत नाही,
ही शंका तेवढी वारशात आहे.
मी त्यांच्या टेबलाजवळ थांबणं सोडलं.
खुर्ची मात्र उचलत राहिलो.

मग एका मार्चमध्ये आवक-जावकचा बाबू रजेवर,
शिक्का माझ्या हातात.
ढिगात बाईंचा अर्ज. विषयाखाली संदर्भ,
याआधीचे चौदा अर्ज, तारखांसकट.
त्यांतल्या कितींवर मीच शिक्का मारला होता,
वाचला नव्हता एकही.
हा वाचला.

'प्रसाधनगृहाच्या दाराची रुंदी चोवीस इंच.
माझ्या खुर्चीची सव्वीस.
उंबरठा पाच इंच.
सबब, मी सकाळी आठपासून
सायंकाळी घरी पोचेपर्यंत पाणी पीत नाही.
माहितीस्तव सविनय सादर.'

शिक्क्याची शाई वाळून गेली हातात.
पुन्हा पॅडवर दाबला.
अर्ज फाईलमध्ये घातला नाही,
साहेबांच्या पुढ्यात नेऊन उभा राहिलो.
काय आहे, म्हणाले.
वाचा जी, म्हटलं. मी इथंच थांबतो.

ठेकेदारानं पहिल्यांदा जी केली
ती घसरगुंडी होती.
बाईंनी खालून एकदा पाहिली,
फूटपट्टी काढली. एक फूट चढाला बारा फूट लांबी, म्हणाल्या.
एवढी जागा कुठून आणू मॅडम?
साहेबांच्या गुलाबांमधून.

गुलाब गेले. साहेब आठवडाभर
कुणाशी बोलले नाहीत.
एप्रिलात कुणीतरी नव्या उतारावर कूलर आणून ठेवला,
मे महिन्यात कुणाची तरी स्कूटी.
दोन्ही हटवताना मी ज्या शिव्या दिल्या
त्यांची आवक-जावक नोंद नाही.

दार तोडायला पावसाळा उजाडला.
बत्तीस इंच केलं. उंबरठा काढला.
गवंड्याला मी विचारलं, किती वेळ लागला रे?
म्हणाला, दीड दिवस. चहा धरून.

तोवर बाई उतारावरून आपल्या आपण येऊ लागल्या होत्या.
पहिल्या सकाळी माझे हात सवयीनं पुढे गेलेले,
काय करावं कळेना, खिशात घातले.
शब्बीर गाडीच्या काचेला फडकं मारत राहिला,
काच स्वच्छच होती.
त्या शेजारून गेल्या, म्हणाल्या,
आज दहाला पाच कमी आहेत ना, रामटेके?

आणि दार झालं त्या सोमवारी, साडेअकराला, बेल.
बाईंच्या टेबलाची बेल वाजू शकते
हे मला ठाऊक नव्हतं.
पाणी आणा.

ग्लास दोन्ही हातांनी धरून त्या पीत होत्या,
मी कॅलेंडरकडे पाहत होतो.
हनुवटी पुसून म्हणाल्या,
गार नाही हो. माठ जुना झालाय, पाझरत नाही.
अर्ज करू?

नको बाई, म्हटलं, अर्ज नको.
सायकल काढली
आणि भर ऑफिसच्या वेळेत कुंभारपुऱ्यात गेलो.